लस घेऊनही रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर लसीने नेमके काय केले?

निशिगंध (प्रश्न)

माझे वडील ७२ वर्षांचे असून त्यांना गेली अकरा वर्षे सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याचा विकार आहे. फ्लूची लस ते दर वर्षी न चुकता घेतात. या हंगामातही आजारी पडण्याच्या साधारण तीन महिने आधी त्यांनी ती घेतली होती. तरीही त्यांना इन्फ्लुएन्झा झाला, दुसऱ्या दिवशी रात्री बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा ८४ वर आला आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सहा दिवस नाकातल्या नळीने ऑक्सिजन द्यावा लागला. अतिदक्षता विभागात हलवावे लागते की काय, अशी एक रात्र आली, पण ती वेळ टळली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "लस घेतलेली होती म्हणून एवढ्यावर निभावले."

या एका वाक्यावरून आमच्या घरात मतभेद झाले आहेत. वडील म्हणतात, लस घेऊनही जर खाटेवर पडायचेच असेल, तर पुढच्या वर्षी सुई टोचून तरी कशाला घ्यायची. माझ्या धाकट्या भावाच्या मते डॉक्टरांचे ते बोलणे केवळ धीर देण्यासाठी होते, कारण लस घेतली नसती तर काय झाले असते हे कोणीच पाहिलेले नाही. त्याच्या म्हणण्यात मला तथ्य वाटते, आणि म्हणूनच ते मनातून जात नाही. शिवाय वडिलांच्या कक्षात फ्लूचे सहा रुग्ण होते. त्यांच्या नातेवाइकांशी बोलताना कळले की त्यांपैकी चौघांनी लस घेतलेली होती. लस उपयोगी असती तर हे प्रमाण उलटे असायला हवे होते, असे माझा भाऊ म्हणतो.

जो रुग्ण आधीच दाखल झाला आहे, त्याचे व्हेंटिलेटरपासून किंवा मृत्यूपासून लस किती रक्षण करते, हे खरोखर मोजता येते का, आणि येत असेल तर कसे, हे मला जाणून घ्यायचे आहे. वडिलांना पुढच्या वर्षी लस घेण्यास सांगायचे असेल, तर ते खात्रीच्या आधारावर सांगावे, नुसत्या श्रद्धेवर नव्हे, अशी माझी इच्छा आहे.

संख्यारेषा

मी जैवसंख्याशास्त्रात काम करते, त्यामुळे मोजणीच्या बाजूने लिहिते. वैद्यकीय बाजू जाणकारांनी सांगावी.

प्रथम सहापैकी चौघांचे. समजा एका वस्तीत १,००० वृद्ध आहेत, त्यांपैकी ९०० जणांनी लस घेतली आहे आणि १०० जणांनी घेतलेली नाही. लस न घेतलेल्यांत दाखल होण्याचे प्रमाण १० टक्के धरा आणि लस तो धोका ८० टक्क्यांनी कमी करते असे माना. मग लस न घेतलेले १० जण दाखल होतील आणि लस घेतलेले १८. म्हणजे कक्षातल्या २८ रुग्णांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश लसवंत असतील, आणि तरीही लस अतिशय प्रभावी असेल. कक्षात डोकी मोजून लसीची पारख करता येत नाही. ज्या लोकसंख्येतून ते रुग्ण आले, तिच्यात किती जणांनी लस घेतली होती हे ठाऊक असावे लागते. वृद्धांत आणि दीर्घकालीन आजार असलेल्यांत लसीकरणाचे प्रमाण सहसा जास्त असते, आणि दाखलही तेच अधिक होतात. आपल्या भावाने पाहिलेले दृश्य खरे आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

मग मोजतात कसे? गेली अनेक वर्षे यासाठी 'टेस्ट-निगेटिव्ह' पद्धत वापरली जाते. खोकला, ताप, धाप अशा लक्षणांनी दाखल झालेल्या सर्वांची चाचणी करतात. ज्यांच्यात तो विषाणू सापडला ते एका बाजूला, आणि तशीच लक्षणे असूनही ज्यांच्यात तो सापडला नाही ते दुसऱ्या बाजूला. मग दोन्ही गटांत लस घेतलेल्यांचे प्रमाण काय होते याची तुलना करतात, आणि ती करताना वय, सहव्याधी (म्हणजे आधीपासूनचे इतर आजार), महिना, प्रदेश यांचा हिशेब धरतात. दोन्ही गटांतले लोक आजारी पडल्यावर त्याच रुग्णालयांत येणारे असल्यामुळे 'लस घेणारे लोक मुळात दवाखान्यात लवकर जातात' यासारखा फरक बऱ्याच अंशी निघून जातो.

आता आपल्या प्रश्नाचा गाभा. 'दाखल रुग्णांचे गंभीर परिणामांपासून रक्षण' या शब्दांत दोन वेगळे प्रश्न दडलेले असतात आणि बातम्यांत त्यांची नेहमी सरमिसळ होते. एक प्रश्न असा: समाजातल्या सर्व लोकांचा विचार करता लस अतिदक्षता विभागात जाण्याचा धोका किती कमी करते? दुसरा असा: जे आधीच दाखल झाले आहेत, फक्त त्यांच्यात लस घेतलेल्यांची अवस्था न घेतलेल्यांपेक्षा किती बरी असते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नेहमी पहिल्यापेक्षा लहान दिसते, कारण लसीचे निम्मेअधिक काम रुग्णालयाच्या दाराबाहेरच उरकलेले असते, आणि दाराच्या आत उभे राहून पाहणाऱ्याला ते दिसत नाही.

आकड्यांत मांडते, हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. लस न घेतलेले १०० जण दाखल झाले असते आणि लस दाखल होण्याचा धोका ४० टक्क्यांनी कमी करते असे धरले, तर तेवढ्याच लसवंत लोकांतून ६० जण दाखल होतील. लस न घेतलेल्या १०० पैकी २० जण अतिदक्षता विभागात गेले असे माना. लसवंत रुग्णांत तो धोका आणखी २६ टक्क्यांनी कमी असेल, तर ६० पैकी सुमारे ९ जण जातील. एकीकडे २०, दुसरीकडे ९, म्हणजे एकूण बचाव ५५ टक्क्यांच्या आसपास. ४० आणि २६ हे दोन्ही आकडे सुटे ऐकले तर मन भरत नाही. परंतु ते एकापुढे एक लागलेल्या चाळण्यांसारखे काम करतात.

यात आणखी एक गुंता आहे आणि तो माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. लस घेतलेल्यांपैकी जे धडधाकट होते त्यांना लसीने घरीच ठेवले. तरीही जे दाखल झाले, ते बहुधा अधिक वयाचे, अधिक दुबळे, फुप्फुसांचा किंवा हृदयाचा जुना आजार असलेले किंवा प्रतिकारशक्ती दबलेले असतात. लस न घेतलेल्यांत मात्र एरवी निरोगी असलेले पन्नाशीतले लोकही येतात. दाराच्या आत या दोघांची सरळ तुलना केली, तर लसवंत गटावर आधीच ओझे लादलेले असते. वय आणि सहव्याधी यांचा हिशेब धरून हे ओझे कमी करता येते, पण पूर्ण उतरवता येत नाही, कारण 'दुबळेपणा' नावाचा रकाना कोणत्याही केसपेपरवर नीट भरलेला नसतो.

आपल्या भावाचा मूळ आक्षेप मात्र मान्य करायलाच हवा. एका व्यक्तीच्या बाबतीत 'लस नसती तर' हे कोणालाही सांगता येत नाही. आपल्या वडिलांसारख्या अनेकांचा विचार केला तर लसवंतांमध्ये गंभीर अवस्थेला पोहोचणारे कमी असतात, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते. डॉक्टरांच्या वाक्याचा अर्थ मी एवढाच घेईन.

श्वासवही

मी श्वसनविकारांचा चिकित्सक आहे. वर दोन चाळण्यांचे जे उदाहरण दिले आहे, ते मी माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगेन. प्रत्यक्षात कोणत्या आजारात कोणती चाळणी किती बारीक असते, ते सांगतो.

इन्फ्लुएन्झापासून सुरुवात करू. लशीतल्या आणि प्रत्यक्ष फिरणाऱ्या विषाणूंचा मेळ बऱ्यापैकी जुळलेल्या हंगामात ही लस डॉक्टरांकडे जावे लागण्याचा धोका ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. हा आकडा विषाणूच्या उपप्रकारावर फार अवलंबून असतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात एच१एन१ विरुद्ध परिणामकारकता ६१ टक्के, बी प्रकाराविरुद्ध ५४ टक्के आणि एच३एन२ विरुद्ध केवळ ३३ टक्के आढळली. एच३एन२ चे वर्ष वृद्धांना जड जाते, त्यामागे हेही एक कारण आहे. आता दाराच्या आतले पाहू. २०२१ मध्ये निरनिराळ्या अभ्यासांचे जे एकत्रीकरण झाले, त्यात इन्फ्लुएन्झाने दाखल झालेल्या प्रौढांमध्ये लस घेतलेल्यांना अतिदक्षता विभागात जाण्याचा धोका २६ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका ३१ टक्क्यांनी कमी होता. न्यूझीलंडमध्ये २०१२ ते २०१५ या काळात झालेल्या अभ्यासात तर फ्लूने अतिदक्षता विभागात जाण्यापासूनचा एकूण बचाव ८२ टक्के होता, आणि अतिदक्षता विभागात पोहोचलेल्यांतही लसवंत रुग्ण सरासरी चार दिवस कमी काळ रुग्णालयात राहिले. तो एका देशातला आणि तुलनेने लहान आकड्यांवर आधारलेला अभ्यास असल्यामुळे मी स्वतः २६ आणि ३१ या संयत आकड्यांवर अधिक विसंबतो.

कोविडमध्ये दाराच्या आतला फरक अधिक ठळक होता. अमेरिकेतील २१ रुग्णालयांत मार्च ते ऑगस्ट २०२१ दरम्यान झालेल्या अभ्यासात कोविडने दाखल झालेल्या १,१९७ रुग्णांचा २८ दिवस मागोवा घेतला. लस न घेतलेल्या १,०५५ पैकी २६१ जण, म्हणजे जवळजवळ चारातला एक, व्हेंटिलेटरवर गेले किंवा दगावले. पूर्ण लसीकरण झालेल्या १४२ पैकी ही वेळ १७ जणांवर आली, म्हणजे १२ टक्के. वय वगैरेंचा हिशेब धरल्यावर ही शक्यता सुमारे दोन-तृतीयांशाने कमी भरली. लक्षात घ्या, हे सर्वजण दाखल झालेले होते; पहिली चाळणी यात मोजलेलीच नाही. दोन्ही चाळण्या एकत्र धरल्या तेव्हा, मार्च २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात, कोविडमुळे व्हेंटिलेटर लागणे किंवा मृत्यू यांपासून एमआरएनए लशींचा बचाव ९० टक्के आढळला. ओमायक्रॉनच्या काळात दोन मात्रांचा ७९ आणि तीन मात्रांचा ९४ टक्के.

हे आकडे आज जसेच्या तसे लागू करू नयेत. तेव्हाची तुलना ज्यांना ना लस ना आधीचा संसर्ग अशा पुष्कळ लोकांशी होती. आज बहुतेकांच्या शरीराला या विषाणूची ओळख झालेली आहे. म्हणून २०२४-२५ च्या लशीसाठी ६५ वर्षांवरील लोकांत दाखल होण्यापासूनचा बचाव अमेरिकेत ४५ टक्क्यांच्या आसपास मोजला गेला, आणि तो आधीच्या प्रतिकारशक्तीवर पडलेली भर आहे. 'लस ९० वरून ४५ वर घसरली' असे म्हणणाऱ्याने दोन वेगळ्या फूटपट्ट्या एकत्र केलेल्या असतात.

सर्वांत बोधप्रद उदाहरण आरएसव्हीचे, म्हणजे श्वसनमार्गाला संसर्ग करणाऱ्या आणखी एका विषाणूचे आहे. या विषाणूविरुद्धच्या वृद्धांसाठीच्या लशी २०२३ मध्ये प्रथम मंजूर झाल्या. पहिल्याच हंगामात अमेरिकेत ६० वर्षांवरील, प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या लोकांमध्ये दाखल होण्यापासूनचा बचाव ८० टक्के, आणि अतिदक्षता विभाग किंवा मृत्यू यांपासूनचा ८१ टक्के आढळला. दुसऱ्या आकड्याभोवतीची अनिश्चिततेची पट्टी बरीच रुंद आहे, पण तूर्त तो तसाच धरा. ८० आणि ८१! म्हणजे केवळ दाखल रुग्णांची तुलना केली असती, तर लसवंत आणि इतर यांत जवळपास काहीच फरक दिसला नसता. कोणीतरी 'दाखल झाल्यावर लसीचा उपयोग शून्य' असा मथळाही दिला असता. वस्तुतः त्या लशीने अतिदक्षता विभागातल्या पाचपैकी चार खाटा रिकाम्या ठेवल्या होत्या. फक्त ते सारे काम पहिल्या चाळणीत झाले होते.

आजारागणिक हा फरक का पडतो? दंडात दिलेल्या लशीमुळे रक्तात प्रतिपिंडे तयार होतात आणि स्मृतिपेशी राखीव राहतात. नाका-घशाच्या अस्तरावर मात्र या प्रतिपिंडांचा पहारा विरळ असतो, म्हणून विषाणू आत शिरतो आणि ताप-खोकला येतोच. खोल फुप्फुसात रक्तातली प्रतिपिंडे पुरेशी झिरपतात, तिथे लढाई वेगळी होते. स्मृतिपेशींना मात्र जागे होऊन संख्येने वाढायला काही दिवस लागतात. इन्फ्लुएन्झा संसर्गानंतर सरासरी दोन दिवसांत अंगावर येतो, त्यामुळे आधीपासून रक्तात असलेल्या प्रतिपिंडांवरच भिस्त राहते. कोविडमध्ये प्रकृती खालावते ती बहुधा दुसऱ्या आठवड्यात; तोवर राखीव फौज मैदानात आलेली असते. दाराच्या आतला फरक कोविडमध्ये जास्त दिसण्याचे हे एक पटण्यासारखे कारण आहे.

आपल्या वडिलांविषयी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सीओपीडी असलेल्या माणसाच्या फुप्फुसात राखीव क्षमता फार थोडी असते. निरोगी माणूस ज्या संसर्गात घरी झोपून बरा होईल, त्याच संसर्गात यांचा ऑक्सिजन उतरतो. त्यांचे दाखल होणे हे लसीच्या अपयशाइतकेच फुप्फुसांच्या आधीच्या अवस्थेचेही माप आहे.

रात्रपाळी

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. वरच्या आकड्यांमध्ये माझ्यासारख्यांनी भरलेले तक्ते असतात, म्हणून त्या तक्त्यांविषयी थोडे सांगते.

रुग्ण आत येतो तेव्हा तो एका शब्दापलीकडे बोलू शकत नसतो. गळ्याचे स्नायू प्रत्येक श्वासाला ताणले जात असतात, नाकपुड्या फुललेल्या असतात. मी घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. तीस सेकंद मोजून दुप्पट करत नाही, कारण अशा वेळी श्वास एकसारखे नसतात. बत्तीस, चौतीस. ऑक्सिजन लावते. सीओपीडीच्या रुग्णाला ८८ ते ९२ यांच्या मध्ये ठेवायचे असते, त्यामुळे नळीचा प्रवाह अर्ध्या-एक लिटरने वरखाली करत उभी राहते. आणि याच वेळी प्रवेशाच्या अर्जावरचा प्रश्न विचारायचा असतो: लस घेतली आहे का?

उत्तर देतात ते घाबरलेले नातेवाईक. "घेतली असावी." "गेल्या वर्षी दिली होती, की त्याच्या आदल्या?" फ्लूची की न्यूमोनियाची, हे तर निम्म्यांना सांगता येत नाही. काही जण तीन दिवसांपूर्वी घेतलेली लसही 'घेतली' म्हणूनच सांगतात. लशीला काम करू लागायला सुमारे दोन आठवडे लागतात, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मी जे ऐकते ते लिहिते. चांगल्या अभ्यासांत ही माहिती लसीकरणाच्या नोंदवहीशी पडताळून घेतात हे मला ठाऊक आहे, पण कक्षातल्या सहा नातेवाइकांच्या सांगण्यावरून काढलेला हिशेब किती कच्चा असू शकतो, हे निशिगंध यांच्या भावाला सांगावेसे वाटले म्हणून हे लिहिले.

दुसरी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. 'लस घेतली आहे, तेव्हा हा फ्लू नसणार' असे गृहीत धरून चाचणीला उशीर झालेले रुग्ण मी पाहिले आहेत. एका आजोबांना घरचे लोक चार दिवस साधा खोकला समजून बसले होते, आणि आले तेव्हा ओठ निळसर झालेले होते. ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत दिले तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो. लस घेतलेली असली तरी धोक्याच्या गटातल्या माणसाला ताप आणि धाप एकत्र आल्यास त्याच दिवशी दाखवावे. निशिगंध यांनी दुसऱ्याच रात्री ऑक्सिमीटर लावून पाहिला आणि त्यांना नेले, याचाही वडील एवढ्यावर निभावण्यात वाटा असणार, असे मला वाटते.

उंबरठा

मी लसविरोधी नाही, परंतु एक शंका आहे आणि ती गांभीर्याने घ्यावी ही विनंती. जे लोक दर वर्षी आठवणीने लस घेतात, तेच वेळेवर औषधे घेतात, धूम्रपान सोडतात, फेरतपासणीला जातात. अशा लोकांचे परिणाम चांगले येणारच. मग चांगल्या परिणामाचे श्रेय लसीला द्यायचे की त्यांच्या शिस्तीला? गणिताने हे वेगळे करता येते असे म्हणतात, पण शिस्त कोणत्या रकान्यात मोजतात?

संख्यारेषा

आपली शंका अगदी योग्य जागी आहे, आणि या क्षेत्रातल्या लोकांनी तिची किंमत चुकवलेली आहे. वृद्धांतील फ्लूच्या लशीने एकूण मृत्यू निम्म्याने घटतात असे दावे एके काळी होत असत. २००६ साली अमेरिकेतील ६५ वर्षांवरील लोकांच्या नोंदी तपासताना संशोधकांनी मुद्दाम फ्लूचा हंगाम सुरू होण्याच्या आधीचा काळ पाहिला. विषाणू फिरतच नसताना लशीचा परिणाम दिसायला नको. तरीही लसवंतांत मृत्यू ठळकपणे कमी होते. म्हणजे तो फरक लशीचा नव्हता, लस घेणाऱ्या माणसांचा होता. तेव्हापासून सर्व कारणांनी होणाऱ्या मृत्यूंवर आधारलेल्या निरीक्षणात्मक दाव्यांकडे मी सावधपणे पाहते. चाचणीने सिद्ध झालेला आजार मोजणे आणि टेस्ट-निगेटिव्ह रचना वापरणे यांवर भर वाढला, त्यामागे हाच धडा आहे.

यावर खरा उपाय एकच: चिठ्ठी टाकून दोन गट करणे. सर्व ठिकाणी ते करता येत नाही, पण जिथे झाले आहे तिथले निकाल आपल्या शंकेला थेट उत्तर देतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर दाखल असलेल्या सुमारे २,५०० रुग्णांना, बहुतेकांना पहिल्या ७२ तासांतच, यादृच्छिक पद्धतीने फ्लूची लस किंवा नुसते सलाइन टोचण्यात आले. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही माहीत नव्हते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार वर्षभरात लस मिळालेल्यांपैकी २.९ टक्के आणि सलाइन मिळालेल्यांपैकी ४.९ टक्के रुग्ण दगावले. इथे शिस्तीचा प्रश्नच उद्भवत नाही. तसेच नेदरलँड्समध्ये ६५ वर्षांवरील ८४,४९६ लोकांवर झालेल्या चाचणीत न्यूमोकोकल (न्यूमोकोकस या जिवाणूविरुद्धच्या) लशीने, लशीत अंतर्भूत असलेल्या प्रकारांच्या जिवाणूंमुळे होणारा न्यूमोनिया ४५.६ टक्क्यांनी, आणि रक्तापर्यंत पोहोचणारा गंभीर आजार ७५ टक्क्यांनी कमी केला. आजार जितका गंभीर तितका बचाव अधिक, हा क्रम चिठ्ठी टाकून केलेल्या प्रयोगातही दिसला, हे मला महत्त्वाचे वाटते.

श्वासवही

हृदयाचा उल्लेख झाला म्हणून थोडी भर घालतो. 'गंभीर परिणाम' म्हटले की डोळ्यांसमोर व्हेंटिलेटर येतो, परंतु फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट असते, असे २०१८ साली कॅनडातील नोंदींवरून दिसून आले. केवळ फुप्फुसांचे परिणाम मोजणारे अभ्यास लशीचा हा भाग पाहातच नाहीत.

आणि प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णांविषयी, कारण हे वाचणाऱ्यांत त्यांचे नातेवाईक असतील. २०२१ मध्ये दोन मात्रा घेतलेल्यांत कोविडने दाखल होण्यापासूनचा बचाव एरवी ९० टक्के असताना अशा रुग्णांत ७७ टक्के भरला होता. बचाव कमी, पण नगण्य नाही. अवयव प्रत्यारोपण झालेल्या किंवा केमोथेरपी चालू असलेल्या माणसाच्या बाबतीत घरातल्या इतरांनी लस घेणे हाही त्याच्याच उपचाराचा भाग समजावा.

निशिगंध

आपण सर्वांनी दिलेला वेळ मी विसरणार नाही. काल रात्री संख्यारेषा यांचे २० आणि ९ चे उदाहरण मी वडिलांना कागदावर काढून दाखवले. ते बराच वेळ कागदाकडे पाहात राहिले आणि मग त्यांनी विचारले, "त्या नवांमध्ये मी नव्हतो, हे तर खरे ना?" भावाने यावर काही हरकत घेतली नाही.

आता एक व्यवहारातला प्रश्न. घरी सोडताना आम्हाला औषधांची यादी मिळाली, इनहेलर कसा घ्यायचा हे पुन्हा शिकवले, पण न्यूमोकोकल किंवा आरएसव्ही लशीचा शब्दही कोणी काढला नाही, आणि मलाही विचारायचे सुचले नाही, याची खंत वाटते. त्यांनी या दोन्ही लशी कधीच घेतलेल्या नाहीत. आता नुकत्याच झालेल्या आजारानंतर किती दिवस थांबावे? आणि एकदा फ्लू होऊन गेला, तर पुढच्या वर्षीच्या लशीची गरज उरते का?

श्वासवही

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो: गरज उरते. त्यांना फ्लूच्या एका उपप्रकाराचा संसर्ग झाला; त्यातून मिळालेली प्रतिकारशक्ती इतर उपप्रकारांविरुद्ध फारशी कामाची नसते, आणि विषाणूही बदलत राहतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लशीची रचना नव्याने सुचवते. ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी काही देशांत अधिक मात्रेची लस मिळते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तिने नेहमीच्या लशीपेक्षा सुमारे २४ टक्के अधिक बचाव दिला होता. उपलब्ध असेल तर तिच्याविषयी विचारावे.

न्यूमोकोकल लस त्यांनी घ्यावी असे मी ठामपणे म्हणेन, कारण फ्लूनंतर फुप्फुसांत जिवाणूंचा संसर्ग होणे ही जुनी आणि घातक जोडी आहे. आरएसव्हीची लस तूर्त एकदाच घ्यायची असते, दर वर्षी नव्हे. ७२ वर्षे वय आणि सीओपीडी एकत्र असताना तिचा फायदा स्पष्ट आहे. वयोमर्यादेचे नियम देशोदेशी निरनिराळे असल्यामुळे आपल्या डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी. थांबण्याविषयी विचाराल तर ताप उतरलेला असावा, ऑक्सिजन पूर्ववत झालेला असावा आणि तीव्र आजार ओसरलेला असावा. त्यापलीकडे महिनोन्महिने थांबण्याची गरज नसते. पहिल्याच फेरतपासणीला हा विषय काढा. तोंडातून घेण्याच्या स्टेरॉइडच्या गोळ्या अजून चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्यांची मात्रा मोठी असेल तर लशीचा प्रतिसाद मंद पडू शकतो आणि तेवढ्यापुरती तारीख थोडी पुढे ढकलावी लागते.

रात्रपाळी

आणि प्रत्येक लशीचे नाव व तारीख एका कागदावर लिहून तो कागद त्यांच्या इनहेलरच्या पिशवीत ठेवा. रात्री दोन वाजता रुग्ण येतो तेव्हा तीच पिशवी सोबत येते.